माथ्यातलं पितळेचं ठिगळ

धडावेगळं डोकं बोलायला लागलं तर तुम्ही चपला तिथंच टाकून पळाल, हे मला माहीत आहे. पण पळू नका, मित्रांनो. मी भूतबीत नाही. मी भात भरडायच्या गिरणीतल्या इंजिनाचा जुना माथा आहे. शहरातले कारागीर मला ‘हेड’ म्हणतात. आमचा यमाजी मला ‘डोसका’ म्हणतो, आणि मला तेच नाव आवडतं.

पुढची गोष्ट कळायची तर माझं अंतरंग थोडं ठाऊक हवं. मी बिडाचा आहे, म्हणजे ओतीव लोखंडाचा. वजन म्हणाल तर भाताच्या अर्ध्या गोणीएवढं. माझ्या आत तीन वाटा आहेत. एकीतून इंजिन बाहेरचा वारा आत ओढतं. दुसरीतून धूर बाहेर टाकतं. तिसरी वाट पाण्याची. ती पहिल्या दोन्ही वाटांना वेढून असते आणि मधे असते फक्त बोटभर जाडीची भिंत. ते पाणी मला थंड ठेवतं, नाहीतर मी तापून तडकेन. मात्र वारा आणि पाणी यांची माझ्या आत कधीही गाठ पडता कामा नये. एवढं ध्यानात ठेवा, कारण सगळी भानगड तिथंच झाली.

माझा जन्म रेतीच्या साच्यात झाला. रेतीत जन्मलेल्याच्या आत थोडी खरखर राहायचीच. माझ्याही वाऱ्याच्या वाटेत दोन-चार गुठळ्या राहिल्या होत्या, पण मी तरणाबांड होतो, मला त्यांचं काही वाटत नसे. १९५३ साली मी इंजिनासकट आगगाडीने आटगावला उतरलो आणि तिथून बैलगाडीत बसून किन्हवलीच्या वाटेवरच्या एका गावात आलो. तिथं गिरजाबाईंनी गिरणीसाठी नवी शेड बांधली होती. गिरजाबाई म्हणजे आमच्या मालकीणबाई. उंच, काटक, तोंडाने फटकळ, आणि तांदूळ चिमटीत धरून कुठल्या शेतातला ते सांगणाऱ्या.

इंजिन गाडीतून उतरवायला जे सहा गडी आले होते, त्यांत यमाजी होता. गावाच्या कडेला, ओढ्यापलीकडे त्याची वाडी. स्वतःची जमीन नावाला नाही. पावसाळ्यात दुसऱ्यांच्या खाचरात लावणी करायची आणि कापणी झाली की झोपडीच्या दाराला काटेरी फांदी लावून उंबरमाळीच्या वरच्या जंगलात कोळशाच्या भट्ट्यांवर जायचं, असा वाडीतल्या सगळ्यांचा शिरस्ता. मुकादमाची गाडी यायची आणि वाडीच्या वाडी उचलून न्यायची. कोंबड्यासुद्धा टोपलीत घालून बरोबर.

इंजिन बसवायला आलेला कारागीर आठ दिवसांत परत गेला. मग कल्याणकडून एक चालक आला, त्याला गावचं पाणी मानवलं नाही. तो गेल्याच्या तिसऱ्या दिवशी इंजिन अडून बसलं. सगळे हँडल फिरवून दमले, तेव्हा कोपऱ्यात गोणी शिवत बसलेला यमाजी उठला आणि म्हणाला, “बाय, ह्याच्या नळीत वारा अडकलाय. आवाजच सांगतोय.” तेलाच्या नळीचा आटा त्याने जरासा सैल केला, फसफस करून वारा निघून गेला, आणि मी धडधडायला लागलो. गिरजाबाईंनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून तो गिरणीचा चालक झाला.

मित्रांनो, ते दिवस फार सुखाचे होते. दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत मी अखंड कामात असे. बायका डोक्यावर भात घेऊन येत, तांदूळ आणि कोंडा घेऊन जात, आणि मधल्या वेळात गावभरच्या बातम्या माझ्या धडधडीवर आवाज चढवून एकमेकींना सांगत. यमाजी रोज सकाळी मला पुसायचा. त्याची बायको हौशी दुपारी भाकर घेऊन येई. सगळ्यात मोठी गोष्ट ही की, गिरणीचा हंगाम आणि भट्टीचा हंगाम एकच असल्यामुळे, आता मुकादमाची गाडी आली की यमाजीचं झोपडं तेवढं उघडं राही. त्यांची मुलगी तानी शाळेत जायला लागली. वर्षभर शाळेत बसलेली ती वाडीतली पहिली मुलगी.

पाचेक वर्षं अशी गेली. मग गिरजाबाईंनी भात भरडायचं दुसरं यंत्र आणलं आणि त्याचाही पट्टा आमच्याच इंजिनावर चढवला. पहिल्या दिवसापासून माझी दमछाक व्हायला लागली. काळा धूर शेडच्या पत्र्याला चिकटायचा. दोन्ही यंत्रांत भात पडला की मी कण्हायचो. “म्हातारा झाला का रे हा?” असं गिरजाबाई म्हणाल्या तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा वर्षांत कुणी म्हातारं होतं का? पण यमाजीला ते माझ्याहून जास्त लागलं.

त्याच्याच वाडीतला कमळू तेव्हा शहापूरला, आग्रा रोडवरच्या एका गॅरेजात गॅसने जोडकाम करायचा. यमाजीने त्याला इंजिनाचं रडगाणं सांगितलं.

“सोपा हाय, यमाजीदादा,” कमळू म्हणाला. “कसाऱ्याचा घाट चढणारे ट्रक असतात ना, त्यांचे हेड आमी आतून घासून वाट मोठी करतो. वारा जास्ती, दम जास्ती.”

“किती मोठी करतात?”

कमळूने हवेत दोन बोटं ताणून दाखवली. ती बोटं नक्की किती ताणली होती, हे पुढे त्यालाही सांगता आलं नाही. खरं म्हणजे त्याने ते काम दुरून पाहिलं होतं, केलं कधीच नव्हतं. पण कमळूचा स्वभाव असा की, ‘ठाऊक नाय’ हे दोन शब्द त्याच्या तोंडून काढायला चिमटा लागायचा.

भाद्रपदात गिरणी बंद असते. यमाजी गिरजाबाईंना म्हणाला, “डोसका घरी नेतो, आतली काजळी खरवडून आनतो.” वाट मोठी करण्याबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही. बाई म्हणाल्या, “ने, पन जपून.” आणि मित्रांनो, मी त्याच्या डोक्यावर बसून ओढ्यापलीकडे त्याच्या घरी गेलो.

पडवीत दोन दगडांच्या बेचक्यात त्याने मला बसवलं. कमळूकडून आणलेली अर्धगोल कानस परजली. पहिले दोन दिवस त्याने जे काम केलं त्याला तोड नाही. वाऱ्याची वाट उघडणारी-मिटणारी झाकणी जिथं घट्ट बसते ती माझी कड जपायला त्याने सावरीच्या लाकडाचं बूच करून बसवलं, म्हणजे कानस घसरली तरी ओरखडा लाकडाला पडावा. किसाचा भुगा भलतीकडे जाऊ नये म्हणून बाकीच्या भोकांत चिंध्या कोंबल्या. मग माझ्या जन्मापासूनच्या गुठळ्या एकेक करून घासून काढल्या. मला तर नाक मोकळं झाल्यासारखं वाटलं. हौशी येता-जाता टोमणे मारायची, “माज्या पाट्याला टाकी लावायला सवड नाय, नि डोसक्याची हजामत रोज!”

तिथंच तो थांबला असता तर ही गोष्ट मी तुम्हाला सांगत बसलो नसतो.

पण यमाजीचा जन्म खाचरात राबण्यात गेला होता. वरच्या खाचरातून खालच्या खाचरात पाणी कमी येत असेल तर काय करायचं? बांधाला पाडलेल्या तोंडाचा तळ खणायचा. तळ खोल केला की पाणी धो धो येतं. हे त्याला शिकवावं लागलं नव्हतं, ते त्याच्या हातातच होतं. तिसऱ्या दिवशी त्याच हातांनी कानस वळवली आणि माझ्या वाऱ्याच्या वाटेचा तळ खणायला सुरुवात केली. जिथं वाट खाली वळते त्या वळणाचा उंचवटा त्याला बांधातल्या ढेकळासारखा वाटला. तो उंचवटा वाऱ्याला अलगद वळवण्यासाठी मुद्दाम ठेवलेला असतो, आणि त्याच्याच खाली पाण्याची वाट सगळ्यात जवळ असते, हे त्याला कोण सांगणार? मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

सर्वपित्री अमावास्येच्या दुपारी कानस खचकन आत गेली. यमाजीने ती बाहेर ओढली आणि बोट घातलं. ज्वारीच्या दाण्याएवढं भोक होतं. त्याने पाण्याच्या वाटेत तांब्याभर पाणी ओतलं. ते वाऱ्याच्या वाटेतून टपटप त्याच्या मांडीवर पडलं.

तांब्या त्याने बाजूला ठेवला. मग उठला, मला फडक्यात गुंडाळलं आणि बाजल्याखाली सारलं. खंडेनवमीला नऊ दिवस राहिले होते. त्या दिवशी गिरणीत इंजिनाची पूजा व्हायची आणि नव्या हंगामाचं पहिलं भात पडायचं. इंजिन उभं राहिलं नाही तर गावाचं भात मुरबाडच्या गिरणीत जाणार, गिरजाबाई दुसरा चालक बघणार, आणि यमाजीच्या दाराला पुन्हा काटेरी फांदी लागणार. तानीचं शाळेतलं नाव कापलं जाणार. त्याला हे सगळं दिसत होतं. बाजल्याखाली पडल्या पडल्या मलाही दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी कमळू आला. भोक बघून त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, “घाबरतोस कशाला? मी पितळ भरून देतो. आनि बायला सांग, काजळी काढल्यावर भोक दिसला. कारखान्यातूनच तसा आला व्हता.”

ऐका, मित्रांनो! सहा वर्षं एक थेंब गळू न दिलेल्या माझ्यावर हा आळ! मी म्हणे जन्मतःच फुटका! राग असा आला की कमळूच्या पायावर पडावं असं वाटलं. पण त्याहून वाईट वाटलं ते यमाजी गप्प राहिला याचं. तो ‘हो’ म्हणाला नाही, पण ‘नाही’ही म्हणाला नाही.

शहापूरच्या गॅरेजात कमळूने मला ओट्यावर ठेवलं, निळी ज्योत माझ्या भोकावर धरली आणि पितळेची कांडी वितळवून आत सोडली. पितळ पिवळंधमक बसलं. “बघ, हाय का नाय?” म्हणून त्याने मला ओल्या फरशीवर उतरवलं आणि विडी काढली. विडी अर्धी व्हायच्या आत माझ्या अंगातून ‘टण्’ असा आवाज आला. पितळेपासून माझ्या खालच्या काठापर्यंत केसासारखी बारीक चीर गेली होती. एका चुकीच्या दोन झाल्या.

यमाजी मला घेऊन परत आला तेव्हा हौशी दारात उभी होती. “काय झाला?” तिने विचारलं. “चार दिस तोंडातून शबुद नाय. त्या फडक्यात काय लपिवताय?”

मग त्याने सगळं सांगितलं. कानस, भोक, पितळ, चीर. आणि कमळूने शिकवलेलं खोटंही. हौशीने फडकं सोडलं, चिरेवरून नख फिरवलं आणि एकच विचारलं, “तापवला कसा व्हता? सगळा, का नुस्ता तेवढा?”

“तेवढाच.”

“आनि निववला?”

“फरशीवर ठिवला.”

हौशी कपाळाला हात लावून बसली. “आवो, भट्टीवर अर्धा जलम गेला आपला! भट्टी कवा एका बाजूनं पेटवतो का आपन? आनि पेटलेली भट्टी एकदम उघडली तर हाती कोळसा येतो का राख? तुमी दोघं बाप्ये एवढे शाने, आनि फरशीवर ठिवला!”

भट्टीचं नाव काढलं की यमाजीच्या मनात फक्त काटेरी फांदी येत असे. भट्टीवर आपण काही शिकलो आहोत, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

पुढचं सगळं हौशीने ठरवलं. मला घेऊन दोघं पुन्हा शहापूरला गेली. गॅरेजच्या मागच्या आवारात तिने गुडघाभर खड्डा खणवला, तळाशी कोळसे पसरले आणि मला त्यांवर बसवून चारी बाजूंनी कोळसे रचले. आच अशी हळूहळू चढवली की मी कुठे गार आणि कुठे गरम असा राहिलोच नाही, सगळा एकसारखा तापलो. त्याआधी यमाजीने फुटका भाग आणि चीर दोन्ही कानशीने स्वच्छ करून घेतली होती. मी अंधुक लाल झालो तेव्हा कमळूने ज्योत धरली. या खेपेला तो एकही फुशारकीचा शब्द बोलला नाही. भोक भरलं, चीर भरली, आणि खणून काढलेला तो वळणाचा उंचवटाही पितळेने परत उभा केला.

मग हौशीने मला भाताच्या तुसाच्या राखेत पुरलं. ती राख तिने गिरणीमागच्या ढिगातून चार गोणी भरून आणवली होती. “चुलीतला निखारा ह्या राखंत पुरला तर दुसऱ्या दिसालाबी जित्ता असतो,” ती म्हणाली. “हा पन तसाच सावकाश निवंल.” वरून पाने, त्यावर माती. आणि खड्ड्याशेजारी ती स्वतः फतकल मारून बसली. संध्याकाळी कमळू म्हणाला, “झाला असंल गो वैनी, बघू का जरा?” हौशीने हातातलं लाकूड नुसतं उचललं. कमळूने पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने माती काढली. मी जेमतेम कोमट होतो. यमाजीने मला उलटंसुलटं करून पाहिलं, हातोडीच्या दांड्याने टकटक केलं, कान लावला. चीर नव्हती.

आता राहिली घासणी. पण या वेळचा यमाजी वेगळा होता. कानस धरण्याआधी त्याने विडी ओढून धूर माझ्या वाटेत फुंकला आणि पलीकडून डोळा लावून पाहिलं. दहा वेळा फुंकलं, दहा वेळा पाहिलं. “हौशे, ये गो, बघ!” तो ओरडला. “पानी तळाशी चालतो, वारा वरच्या अंगानं वळतो. मी वाऱ्याला खाचराचा पानी समजलो!”

त्या दिवशी त्याने तळाला फक्त गुळगुळीत केलं, खणलं नाही. जे काही काढायचं ते छताकडून, तेही नखभर. मधाच्या पोळ्याचं मेण माझ्या वाटेत दाबून त्याने आतल्या आकाराचा ठसा काढला, म्हणजे कुठं किती घासलं ते डोळ्यांना दिसावं. एक तार वाकवून तिचं एक टोक पाण्याच्या वाटेत आणि दुसरं वाऱ्याच्या वाटेत घालून भिंतीची जाडी पाहिली. पंचवीस हात मारले की तो कानस खाली ठेवी आणि बोट घालून बघे. काढलेलं लोखंड परत चिकटत नाही, हे त्याला आता कुणी सांगायची गरज नव्हती. शेवटी माझ्या वाऱ्याच्या वाटेत तांदळाची पिठी भुरभुरवून पाण्याच्या वाटेत पाणी भरलं आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत तसंच ठेवलं. पिठी कोरडी राहिली.

खंडेनवमीच्या सकाळी मी गिरणीत माझ्या जागी बसलो. गिरजाबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन आल्या. तांदळासाठी आलेल्या बायका दाराशी उभ्या होत्या. बाईंनी कुंकवाचं बोट उचललं तेवढ्यात यमाजी म्हणाला, “बाय, थांबा. आधी सांगायचा हाय.”

आणि त्याने सांगितलं. काजळी काढतो म्हणून नेलं आणि न विचारता वाट मोठी करायला गेलो. भोक माझ्या हातानं पडलं. मग चीर गेली. मग हौशीने सांगितलं तसं दुरुस्त केलं. कारखान्याचं नाव त्याने घेतलं नाही. मित्रांनो, सहा वर्षांत कित्येकदा माझी पूजा झाली, हार पडले, पण त्या एका गोष्टीने जेवढा मान वाटला तेवढा कधी वाटला नव्हता.

गिरजाबाईंचं बोट कुंकवासकट हवेतच राहिलं. “मंग मी पूजा कुनाची करू?” त्या कडाडल्या. “इंजिनाची, का तू पाडलेल्या भोकाची?”

मग त्या वाकून माझ्याकडे बघायला लागल्या.

“पानी गळंल?”

“आमी बघितला तेवा नाय गळला. तापल्यावर काय व्हईल, ते आता कळंल.”

“आनि गळला तर?”

यमाजीने खाली पाहिलं. “तर मुकादमाच्या गाडीत मी आपनहून बसतो. तुमी सांगायची गरज नाय.” दारातल्या हौशीने पदराचं टोक मुठीत धरलं.

बाईंनी कुंकू लावलं. रागाने लावलं, जरा जोरातच लावलं. नारळ फोडला, त्याचं पाणी माझ्यावर शिंपडलं. यमाजीने हँडल फिरवलं.

मी पहिल्याच झटक्यात उठलो. काय सांगू तुम्हाला! वारा असा सरसरत आत आला की मला सहा वर्षांत माहीत नव्हतं, श्वास इतका खोल घेता येतो. दोन्ही यंत्रांत भात पडलं. मी कण्हलो नाही. काळ्या धुराच्या जागी फिकट धूर निघाला. बायका “आता बरा वाजतो गो!” म्हणून एकमेकींना ढकलायला लागल्या.

आणि तेवढ्यात माझ्या खालच्या काठाशी, जिथं ती चीर गेली होती बरोबर तिथं, एक थेंब जमला.

यमाजीने तो पाहिला. गिरजाबाईंनीही पाहिला. थेंब मोठा झाला, लोंबला आणि खाली पडला. दुसरा जमायला लागला. यमाजीचा हात इंजिन बंद करायच्या दांड्याकडे गेला. त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं. मी जिवाच्या आकांताने स्वतःला चाचपत होतो, पण खरं सांगतो, मलाही काही कळत नव्हतं.

हौशी गर्दीतून पुढे आली. तिने वाकून तो दुसरा थेंब बोटावर घेतला आणि सरळ जिभेला लावला. “गोड हाय!” ती म्हणाली. मग मोठ्याने, सगळ्या गिरणीला ऐकू जाईल असं, “गोड हाय गो! नारळाचा हाय!”

गिरजाबाईंनी तिसरा थेंब स्वतः चाखला. तोंडाला पदर लावला, आणि असं हसायला लागल्या की त्यांना गोणीवर बसावं लागलं. चौथा थेंब आलाच नाही. हसू आवरल्यावर त्या म्हणाल्या, “पुन्यांदा न विचारता हात लावलास तर दुसरा नारळ तुझ्या डोसक्यावर फोडीन.” यमाजी मान डोलवत होता आणि डोळे पुसत होता.

पंधरा दिवसांनी मुकादमाची गाडी वाडीवर आली आणि यमाजीच्या दाराशी नेहमीप्रमाणे हाका मारून निघून गेली. हौशी तेव्हा पाट्यावर मिरची वाटत होती. यमाजीने त्याला टाकी लावून दिली होती. तानी त्या वर्षी एकही दिवस शाळा न बुडवता वरच्या वर्गात गेली.

पुढे मी आणखी सात हंगाम ओढले. मग गावात वीज आली. गिरणीत एक छोटीशी मोटर बसली, जी ना धूर काढी ना कुणाकडून हँडल फिरवून घेई. आम्हाला शेडच्या मागे नेऊन ठेवलं. दोन वर्षं मी तिथं पावसात होतो. अंगावर तांबेरा चढला. वाऱ्याच्या वाटेत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं. आपलं काय चुकलं असं मनात येई, पण खरं तर कुणाचंच काही चुकलं नव्हतं. कल्याणचा भंगारवाला आला तेव्हा गिरजाबाईंनी सगळं इंजिन देऊन टाकलं आणि माझ्यावर हात ठेवून म्हणाल्या, “ह्यो सोडून. ह्यो यमाजीचा हाय.”

आता मी पुन्हा त्याच्या पडवीत आहे. हल्ली नदीकाठच्या गावांतून पाणी उपसायची लहान इंजिनं आली आहेत, आणि त्यांची बिघडलेली हेडं दुरुस्तीला यमाजीकडे येतात. मी त्याच्या शेजारी नुसता बसून असतो. रोज सकाळी मला तेलाचं बोट मिळतं.

मित्रांनो, एक गोष्ट माझ्या पाहण्यात आली आहे. जे माथे उघड्यावर, घासूनपुसून आणलेले असतात त्यांचं दुखणं लवकर बरं होतं. जे फडक्यात गुंडाळून आणलेले असतात त्यांचं काही खरं नसतं. तुम्ही आपल्या वस्तूंना जपाच. त्यांना तेल द्या, पुसा, न विचारता त्यांच्यावर कानस चालवू नका. पण तुमच्या हातून एखादी वस्तू फुटली तर निदान तिला बाजल्याखाली ढकलू नका. तिथं फार अंधार असतो, आणि तिथं कुणी बरं होत नाही.

गेल्या आठवड्यात मुरबाडकडून जाणू नावाचा एक तरुण गडी आला. त्याच्या काखेत फडक्यात बांधलेलं हेड होतं. “गाडीतून पडला नि फुटला,” तो जमिनीकडे बघत म्हणाला.

यमाजीने फडकं सोडलं नाही. काही विचारलंही नाही. त्याने मला उचलून जाणूच्या मांडीवर ठेवलं, त्याचं बोट धरून माझ्या वाऱ्याच्या वाटेत घातलं आणि जिथं लोखंड संपून पितळ सुरू होतं तिथं नेऊन टेकवलं.

“लागला हाताला? तो माज्या कानशीचा हाय,” यमाजी म्हणाला.

जाणूने बोट तिथंच ठेवलं. पितळेच्या त्या जागेवरून ते पुढे-मागे फिरत राहिलं. आतून हौशीने पाण्याचा तांब्या आणून ठेवला, तो तसाच राहिला.

“नाय दादा,” शेवटी तो म्हणाला. “पडला नाय. माज्याच हातानं झाला.”

“मंग सोड फडका,” यमाजी म्हणाला आणि कोळशाची टोपली पुढे ओढली.